मधल्या खोलीपलीकडची रेंज

सर्व संबंधितांना, तसेच ज्यांचा यात काडीचाही संबंध नाही अशा सर्वांनाही, याद्वारे कळविण्यात येते की, बंगळुरातल्या बसवनगुडी भागात, मागचं शतक संपता संपता, भिंतीला एकही खिळा न मारता आणि हातभरही वायर न ओढता, एका घराच्या हॉलमधून त्याच घराच्या मागच्या खोलीत इंटरनेट नेण्याचं ऐतिहासिक कार्य प्रस्तुत लेखकाच्या हातून पार पडलं. शहरातलं अशा प्रकारचं हे पहिलंच घरगुती काम होतं, असा माझा दावा आहे. दाव्याला पुरावा नाही. पण इतक्या वर्षांत कुणी तो खोडूनही काढलेला नाही, आणि माझ्या ओळखीत खोडून काढायला टपलेली माणसं भरपूर आहेत.

मी इथलाच. आमचे पूर्वज तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून इकडे आले आणि परत जायचं विसरले. तेव्हापासून आमच्या घरातल्या मराठीत कन्नड असं मुरलंय की, पुण्याहून नोकरीला आलेली मुलं माझं बोलणं ऐकून आधी हसायची आणि मग हळूच विचारायची, तुम्ही नक्की कुठले? मी म्हणायचो, स्वल्प इथला, स्वल्प तिथला. स्वल्प म्हणजे थोडासा. ती मुलं सहा महिन्यांत स्वतःच रिक्षावाल्याला ‘स्वल्प पुढे घ्या’ म्हणू लागायची, आणि मग हसायची पाळी माझी.

गांधी बाजाराच्या एका गल्लीत, पूजासाहित्याच्या दुकानाच्या माडीवर, माझं दुकान होतं. खाली कापूर-उदबत्ती, वर मोडेम. मोडेम म्हणजे कॉम्प्युटर आणि टेलिफोनची तार यांच्यामधला दुभाष्या. कॉम्प्युटरला फक्त आकडे कळतात, त्या तारेला फक्त आवाज. मोडेम आकड्यांचे आवाज करायचा आणि आवाजांचे आकडे, आणि हे काम सुरू करताना अर्धं मिनिट अशा किंकाळ्या फोडायचा की नवं गिऱ्हाईक हमखास माझं मनगट पकडायचं. येलहंक्याला हवाई दलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. मोडेमचा आवाज सुरू झाला की ते खुर्चीतून उठून ताठ उभे राहायचे, आणि जोडणी झाली की बसायचे. मी कारण विचारलं. ते म्हणाले, पलीकडच्या टोकाला कोण असेल काय सांगावं. या उत्तरावर मी अजून विचार करतोय.

आमच्या धंद्यात माणूस लोकांच्या घरात फार आतपर्यंत शिरतो. डॉक्टरसारखंच आम्हाला सगळं दिसतं. फरक इतकाच की डॉक्टरला लोक स्वतःहून दाखवतात. म्हणून मी पहिल्या दिवसापासून एक नियम केला होता. पडद्यावर काय आहे ते वाचायचं नाही, आणि वाचलं गेलंच तर जिना उतरायच्या आत विसरायचं. हा नियम मी आयुष्यात एकदाच मोडला, आणि तो मोडायलाही नको तितका उशीर केला. त्याचीच ही हकिकत.

व्यंकण्णा सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. राज्यातले निम्मे पूल आपल्या सहीने उभे आहेत असं ते सांगत, आणि उरलेले निम्मे आपल्या सहीवाचून कसे उभे आहेत याचं त्यांना मनापासून आश्चर्य वाटे. बायको अंबक्का. त्या लग्नाआधी चामराजपेटेतल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये पहिल्या आल्या होत्या, आणि लग्नानंतर त्याच बोटांनी त्यांनी चाळीस वर्षं चकल्या पाडल्या. एकुलती मुलगी सुमा, अमेरिकेत. तिने चार वर्षांपूर्वी तिथेच ऑफिसातल्या एका केरळी मुलाशी लग्न केलं. व्यंकण्णा त्या लग्नाबद्दल काही बोलले नाहीत, आणि तेव्हापासून सुमाशीही बोलले नाहीत.

रविवारी सकाळी तिचा फोन यायचा. व्यंकण्णा उचलायचे, आवाज ओळखायचे, रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवायचे, ‘अगं, फोन’ एवढं म्हणायचे आणि बागेत जायचे. मग मायलेकी अर्धा तास बोलायच्या. अशी ती व्यवस्था होती. याहून वाईट व्यवस्थांवर संसार चाललेले मी पाहिलेत.

त्या वर्षी आषाढात अंबक्का न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी चार महिने पलंग सोडायचा नाही असं बजावलं. पलंग मागच्या खोलीत, फोन पुढच्या हॉलमध्ये. मध्ये एक मधली खोली, एका अंगाला देवघर, आणि भिंती जुन्या, दोन-दोन फूट जाड. मी म्हटलं, फोनची तार आत ओढून देतो, अर्ध्या तासाचं काम आहे. व्यंकण्णा म्हणाले, खात्याच्या लेखी परवानगीशिवाय तार लांबवणं नियमात बसत नाही, अर्ज केलेला आहे. अर्ज खरंच केलेला होता. उत्तर यायचं होतं. शिवाय तारेची वाट देवघराच्या भिंतीतून जात होती, आणि त्या भिंतीला भोक पाडायचं नाही हा अंबक्कांचा नियम. एकाच छपराखाली दोन नियम करणारी माणसं असली की तारवाल्याने काय करावं?

मग व्यंकण्णांनी कॉम्प्युटर घेतला. हॉलमध्ये, फोनशेजारी. कारण सुमाला दिवस गेले होते आणि साधं पत्र जाऊन उत्तर यायला महिना लागत होता. मी दोघांच्या नावाने मेलचं एक खातं उघडून दिलं. सुमाचा मेल आला की व्यंकण्णा तो कागदावर छापायचे, मागच्या खोलीच्या दारात उभं राहून वाचून दाखवायचे, अंबक्का मराठीत सांगतील ते उत्तर पेन्सिलीने टिपून घ्यायचे, आणि हॉलमध्ये जाऊन ते इंग्रजीत टाइप करायचे. चार वर्षं मुलीशी अवाक्षर न बोललेला बाप तिचा पत्रव्यवहार सांभाळू लागला. मला हे इतकं गोड वाटलं की मी दोन-तीन ठिकाणी रंगवून सांगितलंसुद्धा.

भाद्रपदात एकदा प्रिंटर अडला म्हणून मला बोलावणं आलं. व्यंकण्णा बागेत होते. प्रिंटरच्या जबड्यात एक कागद अडकला होता. तो ओढून काढताना वाचला गेला, आणि मग पडद्यावरचंही वाचलं गेलं. पडद्यावर सुमाचा मेल होता. ती इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची. लिहिलं होतं, ‘आई, मला सहावा संपत आलाय. पहिलं बाळंतपण तुझ्याजवळ व्हावं असं फार वाटतं. तुला उठता येत नाही हे माहीत आहे, तू नुसती शेजारी अस. पण डॉक्टर म्हणतात, निघायचं तर दसऱ्याच्या आत निघ, नंतर प्रवास नको. मी येऊ का? अप्पा दार उघडतील का?’

हातातल्या कागदावर त्याला गेलेलं उत्तर होतं. ‘मदर इज कॉन्व्हॅलेसिंग. क्लायमेट प्लेझंट. युवर क्वेरी इज अंडर कन्सिडरेशन.’ म्हणजे, आई बरी होत आहे, हवा छान आहे, आपली विचारणा विचाराधीन आहे. सरकारी खात्यात विचाराधीन या शब्दाचं पुढे काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

कागद नीट घडी करून कीबोर्डखाली ठेवला आणि नेहमीप्रमाणे आत अंबक्कांना भेटायला गेलो. त्यांनी कॉफी मागवली. मग म्हणाल्या, ‘सुमा हल्ली पत्रात काही विचारतच नाही बघ, श्रीपादा. पहिलटकरीण आहे, मनात शंभर गोष्टी असतील. आणि ही मला हवापाणी कळवते. माझ्यावर रागावलीय का रे ती?’

मी म्हणालो, तसं नसेल. कॉफी प्यालो आणि दुकानात परत आलो. धंद्याचा नियम पाळला म्हणून स्वतःची पाठही थोपटली. या गोष्टीची मला अजून लाज वाटते.

आठवड्याभराने दुकानाच्या पत्त्यावर एक खोकं आलं. सुमाचा नवरा नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत होता. सुट्टीवर येणाऱ्या एका मित्राबरोबर त्याने दोन वस्तू पाठवल्या होत्या. एक मांडीवर मावेल असा कॉम्प्युटर, आणि दुसरा पालथ्या वाडग्यासारखा पांढरा डबा, जो अजून धड दुकानांतही आलेला नव्हता. सोबतच्या चिठ्ठीत इंग्रजीत एकच ओळ होती: आईंना स्वतःला लिहिता येईल असं करा.

त्या डब्याला ॲक्सेस पॉइंट म्हणतात. आज तो घरोघरी कपाटावर धूळ खात लुकलुकत असतो आणि बंद पडला तरच त्याची आठवण होते. तेव्हा वायफाय हा शब्दही आमच्या गल्लीपर्यंत पोचलेला नव्हता; आम्ही त्याला बिनतारी डबाच म्हणायचो. त्याच्या पोटात मोडेम होता. मागून टेलिफोनची तार खुपसायची. तारेतून जे येईल ते डबा रेडिओलहरींवर घालून चहूकडे सोडतो, आणि मांडीवरच्या कॉम्प्युटरच्या बरगडीत खोचलेलं पत्त्याएवढं कार्ड ते झेलतं. रेडिओ आला म्हणजे परवाना आला, अशी मला बारीक शंका होती. ती मी व्यंकण्णांसमोर बोलून दाखवली नाही. त्यांनीही विचारलं नाही. ते फक्त एवढंच म्हणाले की, वस्तू कुणाकडून आली ते मला ऐकायचं नाही, आणि टेलिफोनची तार आहे तिथून वीतभरही हलता कामा नये.

भाद्रपदातल्या अमावास्येला मी डबा लावायला गेलो. अशा डब्याला आधी नाव ठेवावं लागतं, म्हणजे शेजारी दुसरा डबा असला तर कॉम्प्युटरची गफलत होत नाही. आख्ख्या बसवनगुडीत दुसरा डबा नव्हता, पण व्यंकण्णांनी दहा मिनिटं विचार करून नाव दिलं: ‘मुख्य दालन, क्रमांक एक’. मग चॅनल. एकाच हवेत पुष्कळांनी गायचं तर प्रत्येकाने आपापली पट्टी धरावी लागते, कुणी काळी दोन, कुणी काळी चार. तशा या डब्याला अकरा पट्ट्या होत्या. मी मधली सहावी धरली. मग की, म्हणजे किल्ली. डब्याचा आवाज कुंपण ओलांडून रस्त्यावरही जातो, तेव्हा वाटेवरच्या कुणी ऐकू नये म्हणून सगळं बोलणं कुलपात घालून पाठवायचं, आणि किल्लीचा शब्द फक्त आपल्या दोन यंत्रांना ठाऊक.

‘ही किल्ली माझ्याकडे राहील ना?’ व्यंकण्णांनी विचारलं.

मागच्या खोलीतून आवाज आला, ‘माझ्याकडे राहील.’

इतक्या लांबून इतकं स्पष्ट ऐकू आलं, कारण तिन्ही खोल्यांची दारं एका सरळ रेषेत होती आणि उघडी होती. त्याच आधारावर मी हे काम अंगावर घेतलं होतं. रेंज म्हणजे डब्याचा आवाज जिथवर पोचतो तेवढी मजल, आणि भिंती जाड असल्या तरी दारातून ती सरळ जाणार होती. मी तो कॉम्प्युटर दोन्ही हातांवर ओवाळणीच्या तबकासारखा धरून हॉलमधून निघालो. पडद्याच्या कोपऱ्यात जोर दाखवणाऱ्या काड्या असतात. हॉलमध्ये चार, मधल्या खोलीत चार, अंबक्कांच्या पलंगाशी तीन. मोडेमने हॉलमध्ये किंकाळी फोडली आणि अमेरिका पलंगावर येऊन बसली.

अंबक्कांनी कीबोर्डवर बोटं ठेवली. न बघता, बरोबर मधल्या ओळीवर. मी म्हटलं, आता लिहा.

‘आज अमावास्या आहे रे,’ त्या म्हणाल्या. ‘उद्या घटस्थापना. नवं काम उद्या सुरू करते.’

मला तेव्हा हट्ट धरता आला असता. मी धरला नाही. माझ्या घरी तरी अमावास्येला कुणी नवं काम सुरू करतं का?

दुसऱ्या दिवशी दुपारी व्यंकण्णांचा फोन. तुझा डबा मेला. मी धावत गेलो. हॉलमध्ये चार काड्या, पलंगाशी शून्य.

मधल्या खोलीत बाहुल्या मांडल्या होत्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: आमच्याकडे नवरात्रात घरोघरी बाहुल्या मांडतात. नऊ पायऱ्या, त्यांवर पांढरंशुभ्र धोतर अंथरलेलं. सगळ्यात वर लाकडी राजा-राणी, मग देव, मग लग्नाची वरात, आणि तळाशी आपला माल पसरून बसलेला गलेलठ्ठ वाणी आणि त्याची वाणीण. एरवी हे सगळं हॉलमध्ये असायचं. या वर्षी अंबक्कांना पडल्या पडल्या दिसावं म्हणून त्यांच्याच हुकमावरून पायऱ्या मधल्या खोलीत, त्यांच्या दारासमोर उभ्या केल्या होत्या. मी राजा-राणीला नमस्कार केला, प्रसादाची उसळ खाल्ली आणि कामाला लागलो.

पुढचे तीन दिवस मी काय काय केलं ते सांगायला हरकत नाही, कारण आता मी निवृत्त आहे. अकराच्या अकरा पट्ट्या बदलून पाहिल्या. डबा टेबलावर, स्टुलावर, फोनच्या डिरेक्टरीवर ठेवून पाहिला. मग इंटरफिअरन्सचा संशय घेतला. इंटरफिअरन्स म्हणजे आपण गात असताना त्याच पट्टीत दुसऱ्या कुणीतरी ओरडणं, आणि मायक्रोवेव्ह ओव्हन नेमका याच पट्टीत ओरडतो. शेजारच्या डॉक्टरीणबाईंकडे सिंगापूरहून आणलेला ओव्हन होता. मी जाऊन हात जोडले आणि दुपारभर काहीही गरम करू नका अशी विनंती केली. बाई भल्या. त्यांनी गार सांबार-भात खाल्ला आणि मध्येमध्ये कुंपणावरून विचारत राहिल्या, सरी झालं का? सरी म्हणजे बरोबर, ठीक. काहीच सरी नव्हतं.

चौथ्या दिवशी मी थकून बाहुल्यांच्या मागच्या बाजूला, हॉलच्या दाराशी, पायऱ्यांना टेकून बसलो. विचार करताना बोटं वाजवायची मला सवय आहे. पायरीवर बोटं वाजवली. ठण्ण.

धोतराचा कोपरा उचलून पाहिलं. नऊच्या नऊ पायऱ्यांच्या फळ्या लोखंडी ट्रंकांवर रचलेल्या होत्या. खाली मोठ्या, वर लहान, आणि सगळ्यांच्या पोटात लग्नातली पितळेची भांडी. रेडिओलहर कापडातून जाते, लाकडातून जाते, विटेतून कुरकुरत जाते. लोखंडापुढे मात्र ती जागच्या जागी उभी राहते. त्या घरात लहरींना जायला एकच सरळ वाट होती, तिच्यात पुरुषभर उंचीचं लोखंड उभं होतं, आणि मी चार दिवस त्याला नमस्कार करत होतो.

आत जाऊन अंबक्कांना सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, मांडलेल्या बाहुल्या विजयादशमीपर्यंत हलवायच्या नसतात. सासूबाईंनी कधी हलवल्या नाहीत, मीही नाही हलवणार.

‘दसऱ्यानंतर लिहीन की रे,’ त्या म्हणाल्या. ‘एवढी काय घाई आहे?’

काय घाई आहे हे त्या खोलीत दोघांना माहीत होतं. एक मी, आणि दुसरे दाराशी उभे असलेले व्यंकण्णा. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

हॉलमध्ये आल्यावर मी नियम मोडला.

‘व्यंकण्णा, भाद्रपदातला तो मेल मी वाचलाय.’

त्यांनी चष्मा काढला. ‘दुसऱ्याची पत्रं वाचणं गुन्हा आहे.’

‘होय. आणि वाचून न दाखवणं?’

बराच वेळ ते चष्मा पुसत होते. त्या काचांवर काही नव्हतं. मग म्हणाले, ‘वाचून दाखवलं असतं तर तिने मला विचारलं असतं, काय उत्तर द्यायचं म्हणून.’

‘मग?’

‘मला येत नव्हतं उत्तर.’ त्यांनी चष्मा चढवला. ‘तू जा आता.’

मी गेलो. एक गिऱ्हाईक गेलं, आणि गिऱ्हाईकापेक्षा मोठं काहीतरी गेलं असं वाटत राहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. आवाज साइटवर हुकूम देणाऱ्या इंजिनियरचा. दुपारी तीनला ये, चपला फाटकाशीच काढ, आणि तोंड बंद ठेव.

गेलो तेव्हा अंबक्का गाढ झोपल्या होत्या. व्यंकण्णा बनियनवर, डोक्याला पंचा बांधून, बाहुल्यांच्या मागे पालथे पडले होते. हातात गाडीचा जॅक. शेजारी लाकडाचे ठोकळे ओळीने मांडलेले, प्रत्येकावर खडूने नंबर. प्रत्येक ट्रंकेचं माप घेऊन त्यांनी दोन दिवस मागच्या अंगणात करवत चालवली होती.

‘चालू पुलाखालचा खांब बदलताना काय करतात?’ त्यांनी कुजबुजत विचारलं.

मी नकारार्थी मान हलवली.

‘वाहतूक थांबवत नाहीत. ती फळी धर.’

मग दोन तास आम्ही जे केलं ते मी कुठल्याही सर्कशीत पाहिलेलं नाही. जॅकने फळी बोटभर उचलायची, खालची ट्रंक मागच्या मागे सुतासुताने ओढायची, तिच्या जागी ठोकळे सरकवायचे, जॅक उतरवायचा. पुढच्या बाजूला बाहुल्यांना पत्ताही नाही. वरात चाललेली, देव हसतायत, राजा-राणी ताठ. शेवटच्या पायरीला माझा कोपर लागला आणि तो गलेलठ्ठ वाणी डुगडुगत कडेला आला. मी बाजूने हात लांबवून त्याला हवेतच पकडलं. आतून अंबक्कांचा झोपाळू आवाज आला, ‘कोण आहे?’

‘मांजर,’ व्यंकण्णा म्हणाले. चाळीस वर्षं खात्याच्या कागदावर एक खोटा आकडा न लिहिलेल्या माणसाचं हे माझ्या माहितीतलं पहिलं उघड खोटं.

ट्रंका अंगणात गेल्या. वाणी आपल्या वाणिणीशेजारी परत बसला. व्यंकण्णांनी हातपाय धुतले, शर्ट घातला, वरपर्यंत बटणं लावली आणि मला नुसती मान हलवून आत जायला सांगितलं. मी तो कॉम्प्युटर घेऊन पलंगाशी उभा राहिलो. दोन काड्या. मग तीन.

अंबक्का उठून उशांना टेकून बसल्या. काय केलंस, म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, स्वल्प दुरुस्ती. त्यांनी बोटं मधल्या ओळीवर ठेवली, खातं उघडलं, आणि नवं लिहायच्या आधी जुनं वाचायला घेतलं, अगदी पहिल्या पत्रापासून. सुमाचं एक, आपलं एक. आपली उत्तरं वाचताना त्यांच्या भुवया वर जाऊ लागल्या.

‘मदर इज इन रिसीट ऑफ युवर मेल,’ त्यांनी मोठ्याने वाचलं. ‘हे मी लिहिलंय? मी त्यांना सांगितलं होतं, स्वप्नात तू परकर घालून अंगणात पळत होतीस असं लिहा. आणि हे काय, रेनफॉल मॉडरेट?’ त्या हसायला लागल्या. हसून हसून खुबा दुखायला लागला, तरी थांबेनात. मीही हसलो. पायऱ्यांच्या कडेला, राजा-राणीच्या आडोशाला, व्यंकण्णा येऊन उभे राहिले होते. ते हसत नव्हते.

मग भाद्रपदातलं पत्र आलं.

अंबक्कांनी ते ओठ हलवत दोनदा वाचलं. त्याखालचं उत्तर एकदाच वाचलं. मी वाण्याच्या दुकानातल्या डाळी मोजू लागलो.

‘अहो,’ त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. ‘विचाराधीन म्हणजे किती दिवस?’

उत्तराची त्यांनी वाट पाहिली नाही. बोटं सुरू झाली. चाळीस वर्षांनी सुरू झालेली ती बोटं पावसासारखी पडत होती, आणि इन्स्टिट्यूटमध्ये लागलेल्या सवयीने त्या प्रत्येक शब्द टाइप करता करता उच्चारत होत्या. ‘सुमा. तुझं पत्र मला आज मिळालं. आज म्हणजे आज. का ते भेटल्यावर सांगेन. तू ये. लगेच ये. त्यालाही घेऊन ये. मी शेजारी आहेच, पलंगावरून कुठे जाणार? आणि अप्पा...’

इथे बोटं थांबली. त्यांनी मान वर करून बाहुल्यांकडे पाहिलं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं असतं तर कदाचित पुढचं घडलं नसतं. त्या राजा-राणीकडे बघत, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, ‘अप्पांचं काय लिहू?’

हॉलमध्ये डबा लुकलुकत होता. आणि राजा-राणीच्या मागून, विचार करायच्या आत तोंडातून निसटावा तसा, व्यंकण्णांचा आवाज आला.

‘डॉक्टरची चिठ्ठी बरोबर घे म्हणावं, आठवा लागला की तिच्याशिवाय विमानात बसू देत नाहीत, मी दोनदा जाऊन विचारून आलोय.’